मदत हवी आहे: पेट्रोल कट-ऑफ सॉची वॉरंटी नाकारताहेत

नमस्कार मंडळी. विक्रोळीत मी आणि भाऊ मिळून काँक्रीट कटिंगची कामं घेतो. आमचं १४ इंची ब्लेडचं पेट्रोल कटर वॉरंटी संपायच्या आतच बिघडलंय. आधी गरम झालं की बंद पडायचं, थंड झालं की चालू. आता दोरी ओढली की अगदी हलकी येते, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सायलेन्सर काढून पिस्टन दाखवला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. म्हणे, ऑइल कमी घातलंत, वॉरंटी नाही! आम्ही मॅन्युअलप्रमाणेच ५०:१ मिक्स करतो, ५ लिटर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. धूळ म्हणाल तर ती इनटेककडची (हवा आत येते ती) बाजू खाते, आणि ती बाजू चांगली आहे. मला संशय क्रँक सील (क्रँकशाफ्टचं रबरी सील) किंवा इनटेक बूटच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड) लीकेजचा. बाहेरची हवा शिरली की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी) आणि पिस्टन असाच घासतो. प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती बघणं) करा म्हटलं, तर काउंटरवरचा पोरगा 'साहेबांना विचारतो' म्हणून आत गेला तो गेलाच.

मुंबईत नागदेवीच्या मशिनरी बाजारात किंवा आसपास प्रेशर-व्हॅक्यूम टेस्ट करून लेखी रिपोर्ट देणारा मेकॅनिक कोणाच्या माहितीत आहे का? तोवर मशीन सर्व्हिस सेंटरवाल्यांना उघडू द्यावं की नाही?

आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून कोणाचं काम झालंय? धंद्याची वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही म्हणतात, पण पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असलो तर बसते ना? बिल, वॉरंटी कार्ड सगळं जपून ठेवलंय.