मत देतो, भिस्त ठेवत नाही

तलावपाळीकर

महापालिकेचं मतदान जानेवारीत होतं, म्हणजे प्रचार ऐन नाताळात. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मिसानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चहा चालू होता. एक उमेदवार चार कार्यकर्ते आणि गुच्छ घेऊन हजर. 'आमचे ख्रिश्चन बांधव' वगैरे झालं, मग गव्हाणीपुढे फोटो. बाळ येशू फोटोत येत नव्हता म्हणून गव्हाण हातभर सरकवायला लावली. एक मेंढरू पडलं, ते कुणी उचललं नाही. ते गेल्यावर आमच्या बाकावरचे अंकल म्हणाले, "आता हाच आपला आधार." पुढच्या रविवारी दुसऱ्या पक्षाचे आले. अंकल तेच म्हणाले.

स्तोत्र 146 मध्ये सरळ सांगितलंय की अधिपतींवर भिस्त ठेवू नका. त्यांचा श्वास गेला की बेतही त्याच दिवशी संपतात. ठाणेकर ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळं शिकवायला नको. 1321 साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा पोर्तुगीज यायला दोनशेच्या वर वर्षं होती. पाठीशी ना राजा, ना तोफ. पुढे पोर्तुगीज आले, 1737 ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1774 ला इंग्रजांनी. झेंडे बदलले, मिसा चालू राहिली.

मी मत देतो, दर वेळी देतो. पण निकालाच्या रात्री झोप उडावी इतकं काही माझं त्यात अडकलेलं नसतं. आमच्या नोवेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) ग्रुपवर हल्ली प्रार्थना कमी आणि पक्षांचे फॉरवर्ड जास्त येतात. आपण नक्की कुणाची वाट बघतोय?

घणसोलीकर

असहमत, आणि जरा रागानेच लिहितोय.

आमचं मूळ नेवाशाकडचं. आजोबा ख्रिस्ती झाले, पण गावाने विहिरीवर जात पाहिली, बायबल नाही. त्यांचे सख्खे भाऊ पुढे बौद्ध झाले. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश असा की अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा. 1956 ला त्यात शीख आले, 1990 ला बौद्ध. आम्ही अजून बाहेर. म्हणजे एकाच ओट्यावर वाढलेल्या दोन भावांची नातवंडं: चुलतभावाला जातीचा दाखला आहे, मला नाही. आमच्या घराण्यात किती जणांनी कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असं आयुष्य काढलं, ते इथे लिहीत नाही.

हे प्रार्थनेने घडलं नाही, एका कागदाने घडलं. सुटेल तेही कागदानेच. 2022 ला त्यावर आयोग नेमला, तोही राजकारणातूनच ना? देवावर भिस्त मीसुद्धा ठेवतो. पण तलावपाळीला वडिलोपार्जित घर असलं की 'माझं त्यात काही अडकलेलं नसतं' म्हणणं सोपं जातं.

तलावपाळीकर

घर भाड्याचं आहे, पण मुद्दा लागला. दाखल्याचा अन्याय मला मान्य. त्यासाठी लढू नका असं मी म्हटलेलं नाही. 'हाच आपला आधार' या वाक्यावर माझा आक्षेप आहे.

जुना_कागद

धागाकर्ते, 'झेंडे बदलले, मिसा चालू राहिली' हे वाचायला छान आहे, पण मिसा आपोआप चालू राहिली नाही. 1739 ला वसई पडली तेव्हा तहात कलम घालून घेतलं होतं की जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. हरलेल्या बाजूने वाटाघाटीला बसून ते लिहून घेतलं, चिमाजी अप्पांनी मान्य केलं. ज्याला तुम्ही श्रद्धेचा चिवटपणा म्हणता, त्याच्याखाली तहाचा कागद आहे.

घटना समितीचंही तेच. 1949 ला धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरलं, त्यात ख्रिस्ती सभासदांचा पुढाकार होता. हरेंद्रकुमार मुखर्जी समितीचे उपाध्यक्ष आणि स्वतः ख्रिस्ती. जेरोम डिसोझा तर जेसुइट संघाचे फादर. पण कलम 25 मध्ये धर्माचा 'प्रचार' करण्याचा हक्क राहावा म्हणून वादही झाले. जागा सोडल्या आणि शब्द राखला. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

तलावपाळीकर

तहाचं कलम माझ्या लक्षात नव्हतं, मान्य. पण जागा सोडल्या त्याकडे मी उलट बाजूने बघतो. ज्याला वाटतं की खुर्ची गेली की आपण संपलो, तो खुर्ची सोडूच शकत नाही. त्यांना सोडता आली, कारण त्यांची भिस्त तिच्यावर नव्हती.

जुना_कागद

किंवा शेजाऱ्यांवर होती. तो विश्वास पुरला की नाही, ते घणसोलीकरांना विचारा.

कळवेकर

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या धर्मांची भिस्त टँकरवाल्यावर आहे. चालू द्या.

नेरूळची_मावशी

मी वाद घालणारी नाही, पण तलावपाळीकरांच्या बाजूने एक सांगते. आमच्या सेलमध्ये, म्हणजे चर्चच्या वस्तीतल्या प्रार्थना-गटात, दोन कुटुंबं आहेत, वीस वर्षांची ओळख. गेल्या निवडणुकीत एकाचा मुलगा एका पक्षाच्या गाडीत दिसला, दुसऱ्याचा जावई दुसऱ्या. आता मिसामध्ये एकमेकांना शांती द्यायची वेळ येते तेव्हा त्यातली एक बाई मागे वळून माझा हात धरते, शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा नाही. मग मीच दोघींना शांती देते. नगरसेवकासाठी हे? तो तर निवडून येऊन पक्षही बदलेल.

आळंदीचा_ठाणेकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. दिंडीत नेते टाळ घेऊन चार पावलं चालतात, फोटो झाला की गाडीत. त्यामुळे तुमचं मेंढरू ओळखीचं वाटलं. एक शंका: फादर दिब्रिटोंना तुम्ही कुठल्या बाजूला बसवता? वसईत हरित वसईच्या आंदोलनात ते रस्त्यावर उतरले, बिल्डरांशी, टँकरशी भिडले. म्हणजे राजकारणच की.

तलावपाळीकर

माझ्याच बाजूला! ते कुणाच्या तिकिटाची वाट बघत बसले नाहीत.

घणसोलीकर

माझ्या बाजूला. ते घरात बसून नोवेना करत राहिले नाहीत. आणि काका बाप्टिस्टांना विसरू नका. ईस्ट इंडियन (मुंबईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजातला) माणूस, टिळकांचा सहकारी, 1916 ला होमरूल लीगचा अध्यक्ष, पुढे मुंबईचा महापौर. मिसाला जात होता आणि सभेलाही.

खारघर_टेकडी

माझ्या घराच्या गच्चीवरून तळोजा कारागृहाची बाजू दिसते. आदिवासींसाठी काम करणारे जेसुइट फादर स्टॅन स्वामी एल्गार परिषद खटल्यात तिथे होते, 83 वर्षांचे, कंपवाताने हात थरथरायचे, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला गेले, जामीन न मिळताच. त्या वेळी आम्ही चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. मीही लावली. कार्यालयात सोमवारी कुणी विषय काढला तर मात्र 'मला राजकारणातलं कळत नाही' म्हणालो. भिस्त देवावर आहे की आपण घाबरतो, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. तलावपाळीकर, तुम्हाला येतं का?

तलावपाळीकर

नेहमी नाही. खरं सांगतो, नेहमी नाही.

घणसोलीकर

या उत्तरासाठी आधीचा राग मागे घेतो. मुद्दा नाही.

आता एक कामाचं. आमच्या भागात दफनासाठी जागा अपुरी आहे. वडिलांच्या वेळी खड्डा खणताना आधीच्या कुणाची तरी हाडं निघाली. खणणाऱ्याने ती गोणपाटावर बाजूला ठेवली, आणि आई बघू नये म्हणून मी मधे उभा राहिलो. वाढीव जागेसाठी अर्ज करतोय, सह्या हव्यात. हाही राजकारणाचाच अर्ज आहे, आधीच सांगतो.

तलावपाळीकर

मी सही करणार. फक्त अर्जावर कुठल्या नगरसेवकाचा फोटो नको.

घणसोलीकर

फोटो नाही. पण द्यायचा त्यांच्याकडेच आहे, तेव्हा शेवटच्या परिच्छेदात 'आपण लक्ष घालावे ही नम्र विनंती' आहे.

नेरूळची_मावशी

मी आमच्या त्या दोघींना घेऊन येते. कुठे यायचं?

घणसोलीकर

रविवारी साडेआठच्या मिसानंतर, हॉलच्या बाहेर, पिंपळाखाली. पेन आणा, मागच्या वेळी एकच होतं.