एक्मो लावण्याआधी मेंदूचं कोण सांगतं?

रामबागची वहिनी
इंदुरातल्याच आमच्या एका नातेवाइकांना मोठ्या अटॅकनंतर एक्मोवर ठेवलं होतं. रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडणारं ते मशीन. खर्च किती, डिपॉझिट किती, पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, सगळं बसवून सांगितलं. मेंदूबद्दल मात्र फॉर्मवर एक बारीक ओळ. गुंगीचं औषध बंद केलं तेव्हा ते उठलेच नाहीत. सीटीत मोठा रक्तस्राव निघाला. माझं म्हणणं एवढंच: सही घेण्याआधी हा धोका आकड्यासकट तोंडी सांगायलाच हवा.

आयसीयू ड्यूटी
वहिनी, नाही पटलं. रात्री दोन वाजता बीपी लागत नसताना टक्केवारी कोणाच्या डोक्यात शिरते? आकडे हवेतच तर घ्या. एक्मोच्या जागतिक रजिस्ट्रीतल्या प्रौढांच्या जुन्या नोंदींत मेंदूची गुंतागुंत हृदयासाठीच्या व्हीए प्रकारात साधारण १५ टक्के आणि फुफ्फुसासाठीच्या व्हीव्हीत ७ टक्के. स्ट्रोक, रक्तस्राव, फिट्स, ब्रेन डेथ सगळं धरून. यातल्या बऱ्याच जणांचा मेंदू मशीन लागण्याआधीच, हृदय थांबलं तेव्हा दुखावलेला असतो. त्याचं खापर एक्मोवर कशाला?

रामबागची वहिनी
मग हेच सांगा ना! "हृदय वाचेल, मेंदूची खात्री नाही" म्हणायला अर्धा मिनिट लागतो. व्हीएच्या त्याच नोंदींत मेंदूला इजा झालेल्यांपैकी दहातले जवळजवळ नऊ हॉस्पिटलातच दगावले, तेही सांगा.

पंपवाला
मी पर्फ्युजनिस्ट, म्हणजे हे मशीन चालवणारा. सहीपेक्षा पुढच्या दिवसांत काय विचारायचं ते जास्त कामाचं. रक्त पातळ ठेवणारं हेपरिन कमी पडलं तर मशीनच्या नळ्यांत (सर्किटमध्ये) गुठळी, जास्त झालं तर डोक्यात रक्तस्राव. आमची सगळी कसरत या दोन्हींच्या मधे. जांघेतून व्हीए लावलंय, हृदय सावरतंय पण फुफ्फुसं अजून खराब, अशा वेळी हृदय कमी ऑक्सिजनचं रक्त डोक्याकडे फेकतं आणि मशीनचं चांगलं रक्त खालच्या अंगाला मिळतं. पाय गुलाबी, मेंदू उपाशी. म्हणून ऑक्सिजनचा प्रोब उजव्या हाताला लागतो. डाव्या हाताला दिसला तर बेधडक विचारा. मशीन चालू झाल्यावर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने खाली आणणंही मेंदूला सोसत नाही.

जुना होळकरी
मुळात लावायचंच कशाला? २०२३ चा ईसीएलएस-शॉक अभ्यास बघा. अटॅकनंतरच्या शॉकमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही तेव्हा, महिन्याभरातले मृत्यू एक्मोने ४८ टक्के, एक्मोविना ४९. रक्तस्राव मात्र दुपटीहून जास्त. लोक घर गहाण ठेवतात हो यासाठी!

आयसीयू ड्यूटी
काका, त्या अभ्यासातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त रुग्णांना आधीच सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करणं, मिळालेला होता. मायोकार्डायटिसच्या (हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या) तरुण पोरीला तो निकाल लावू नका. रुग्ण निवडण्यात चूक होते, हे मान्य.

रामबागची वहिनी
आणि गुंगीत असताना मेंदूवर लक्ष कोण ठेवतं?

पंपवाला
नर्स तासातासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघते. काही ठिकाणी कपाळावर मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या निर्सच्या पट्ट्या आणि मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारा ईईजी असतो. एमआरआय जमतच नाही, मशीन चुंबकाजवळ नेता येत नाही. सीटीला न्यायचं तर पंपासकट पूर्ण टीम लागते. लिफ्टमध्ये एक नळी ओढली गेली की खेळ खलास. म्हणून शंका आल्याशिवाय कोणी हलवत नाही, आणि गुंगीत शंका येते उशिरा.

जुना होळकरी
उशिरा कळतं, मग बंद तरी वेळेवर करता का? आशा नसलेल्या रुग्णाची मशीन बंद करायला सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मार्ग दिला, २०२३ ला सोपा केला. तरी त्याला संमती देणारे डॉक्टरांचे दोन मेडिकल बोर्ड जमेपर्यंत बिल चालूच.

आयसीयू ड्यूटी
बोर्ड जमवायला तयार असतो हो आम्ही. पण थोरला मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबा, असं घरचेच म्हणतात. तो आला की म्हणतो, अजून दोन दिवस बघू.

रामबागची वहिनी
बघू म्हणणारच! पहिल्या दिवशी कोणी सांगितलेलं नसतं ना त्याला.