मदत हवी आहे: गणित-विज्ञानाच्या तासात संगीत कसं आणावं?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. संगीत शिक्षक नाहीत, एक जुनी पेटी आणि ढोलकी तेवढी आहे. परवा झपतालाच्या 10 मात्रा (ठोके) 2-3-2-3 अशा टाळ्या देत मोजून घेतल्या. सहाव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायचा. पाढे म्हणताना मान खाली घालणारा मुलगा अचूक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आता तीनतालाच्या दुगुनीतून (दुप्पट लयीतून) अपूर्णांक घेतेय.

विज्ञानात तार निम्मी केली की वरचा सा, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम (प), हे मुलांना कानांनी ऐकवायचंय. फळीवर तार ताणून स्वस्तात एकतारी कशी करावी? खुंटीला काय लावता? शिवाय मराठीच्या तासाला अभंग चालीत घेतला की मुलं गाण्यातच रमतात, अर्थ राहून जातो. तुम्ही आधी चाल घेता की अर्थ?