अनुभव धागा : चालता-चालता उपकारस्तुती

रविवारच्या उपदेशात पाळकांनी बायबलमधलं, पौलानं तीमथ्याला पत्रात लिहिलेलं काढलं : शरीराची कसरत थोड्याच गोष्टींसाठी उपयोगी आहे. बाबा लगेच माझ्याकडे बघून हसले. पहाटे साडेपाचला त्यांना अंथरुणातून काढून फिरायला नेणारी मीच ना! पण ‘थोड्या’ म्हणजे काहीतरी आहेच की. व्यायाम करताना देवाचे आभार मानावेसे वाटले, असे तुमचे प्रसंग लिहा. बोध नको, घडलं ते सांगा.

वसई
साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मला चालण्याचा भारी कंटाळा, म्हणून जपमाळ खिशात टाकली. बसून म्हटली तर वीस मिनिटांत होते, चालताना दम लागतो म्हणून पंचवीस. वाडीतून निघालं की पहिलं रहस्य (म्हणजे दहा मण्यांचा एक टप्पा, त्यात प्रभूच्या नि मरियामातेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा) विहिरीपाशी संपतं, दुसरं वळणावरच्या क्रुसापाशी. घड्याळ बघावंच लागत नाही. मंगळवारी नि शुक्रवारी दुःखाची रहस्यं. त्यातलं चौथं, प्रभू क्रूस वाहून नेतो ते, नेमकं पुलाच्या चढावर येतं. पहिला महिनाभर तिथं कठड्याला धरून उभा राहायचो आणि मण्यामण्याला म्हणायची ‘नमो मारिया’ प्रार्थना अर्ध्यावर तुटायची. आता दहाही मणी चढावरच होतात.
साखरेमुळे तळपाय बधिर झालेत. मागच्या आठवड्यात चपलेत खडा गेला आणि तो मला टोचला! रस्त्यातच थांबून उपकारस्तुती केली. शेजारच्या बाईंना वाटलं, चक्कर आली. खडा खिशात ठेवलाय, जपमाळेबरोबर.

नगर
सलाम. आमच्या घरात यावर वाद आहे, तरी लिहिते. शाळेत असल्यापासून सूर्यनमस्कार घालते. लग्नानंतर सासऱ्यांनी विचारलं, “नमस्कार कोणाला?” प्रश्न बरोबरच होता. मंत्र मी म्हणत नाही. बारा स्थितींवर येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणते. त्यातली ‘आमची रोजची भाकर’ ही ओळ येते तेव्हा कपाळ जमिनीजवळ असतं. मामंजींना अजून पटलेलं नाही. पण त्यांची कंबर धरली तेव्हा म्हणाले, “ते तुझं वाकायचं काय असतं, दाखव जरा.”

पुणे
खरं सांगू? पळताना मला देव आठवत नाही. कुठल्या कोपऱ्यावर कुत्रं मागे लागतं, तेवढं आठवतं. धावपटू एरिक लिडेलनं १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, फेरी होती म्हणून १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. मी एवढा कडवा नाही. पण ग्रुपची लांबची पळापळ रविवारी उपासनेच्या वेळेलाच असते, म्हणून मी शनिवारी एकटा पळतो. घरी येऊन पायरीवर बूट सोडताना मात्र तोंडातून आपोआप ‘थँक्यू, प्रभू’ निघतं. पाय मुरगळला नाही म्हणून असेल.

नागपूर
आमचा तरुण संघ संध्याकाळी चर्चच्या मागे व्हॉलीबॉल खेळतो. हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेत होलिओकच्या वायएमसीएत (तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेत) विल्यम मॉर्गननं काढला, म्हणजे आपल्याच घरचा, असं आम्ही पाळकांना पटवून जाळं मिळवलं. खेळाआधी प्रार्थना एक मिनिट. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, यावर भांडण पंधरा मिनिटं. आभार मानायला वेळ उरत नाही.

वांद्रे
आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, वय ७१. सप्टेंबरात मोत माउलीच्या (इथल्या डोंगरावरच्या मरियामातेच्या) जत्रेत तिनं नवसाचा मेणाचा पाय वाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं, “आता व्यायाम नको, माउली बघेल.” फिजिओ बाई कॅथलिकच निघाल्या. म्हणाल्या, “काकू, माउलीनं पाय दिला. वाकवायचा कोणी?” तेव्हापासून आई पलंगावर टाच ओढत गुडघा वाकवते. एकेका वाकवण्याला एकेका नातवंडाचं नाव घेते, नातवंडं संपली की शेजाऱ्यांची मुलं. काल वीस झाले. एकविसावं नाव सुचेना, तेव्हा मला म्हणाली, “त्या फिजिओ बाईंना मुलं किती, विचारून ठेव.”