स्वस्तातलं एमपीटीएच म्हणजे तडजोड?

अक्कल गुडघ्यात:
काल 'हापूस पेटी' यांनी भाचीच्या ॲडमिशनबद्दल विचारलं होतं. बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झालीय, एमपीटीएच म्हणजे पुढच्या मास्टर्सच्या सीईटीत बरे मार्क आहेत, सरकारी कॉलेजात न्यूरो (मेंदू-मज्जातंतूंचे पेशंट) मिळतंय. पण बाईसाहेबांना हवंय स्पोर्ट्स (खेळाडूंच्या दुखापती), आणि ते मिळतंय एका अभिमत विद्यापीठात, वर्षाला साडेपाच लाख भरून. त्यावर 'उंच भरारी' यांनी ठोकून दिलं, "शिक्षणात पैसे बघणारे आयुष्यभर पैसेच बघत बसतात. डोळे झाकून महागडं घ्या." उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

डोळे झाकून? दोन वर्षांचे झाले अकरा लाख, हॉस्टेल-मेस सोडून. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक सहसा तारण मागते, म्हणजे घर किंवा शेत. अकरा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता जवळपास 19 हजार, आणि शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज वेगळं. आमच्या सांगली-मिरजेकडे नव्या एमपीटीएचला खासगी हॉस्पिटल 25 हजार देतं, तेही उपकार केल्यासारखं. उरलेल्या सहा हजारांत भरारी घ्यायची कशी ते सांगा.

मी एका सरकारी हॉस्पिटलात शिकलो. पॅरलल बारच्या (धरून चालायच्या दांड्यांच्या) मुठींना चिकटपट्टी गुंडाळलेली, टेन्सची (दुखण्यावर सौम्य वीज देणारी) चार मशिन, त्यातली दोन चालू. पण सकाळी नऊला बाकावर तीस माणसं. स्ट्रोक झालेला टॅक्सीवाला, लोकलमधून पडलेला पोरगा, एर्ब्ज पाल्सीचं, म्हणजे जन्मताना नस ताणून हात लुळा पडलेलं तान्हं बाळ. सहा महिन्यांत हातालाच कळायला लागलं की स्नायू स्पास्टिक (नसांमुळे ताठरलेला) कुठे आहे आणि सांधा नुसता आखडलाय कुठे. ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात मिळत नाही.

उंच भरारी:
पहिलं वाक्य उचललंत, पुढचं सोयीस्कर गाळलंत. मी लिहिलं होतं, "गाईड बघा," म्हणजे शिकवणारे सर कोण ते. माझ्या मुलीने स्पोर्ट्स केलं, महागडंच. तिचे सर सामन्यांना मैदानावर असायचे, ही त्यांच्यामागे टेपचं बंडल घेऊन. घोटा मुरगळल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय बघायचं ते ती तिथे शिकली. तुमच्या बाकावरच्या तीस पेशंटात खेळाडू किती होते? मन एकीकडे आणि डिझर्टेशन (प्रबंध) दुसरीकडे, अशी दोन वर्षं काढायला लावणार पोरीला? एमपीटीएच काही पुन्हा पुन्हा करता येत नाही. फुटक्या मशिनचं कौतुक पुरे झालं आता.

खडू फळा:
मी महागड्या जातीच्या कॉलेजात तीन वर्षं शिकवलंय. नाव सांगणार नाही. स्नायूंची ताकद मोजणारं आयसोकायनेटिक मशीन आहे हो, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर. त्याच्यावरचं प्लॅस्टिक मी असेपर्यंत निघालं नव्हतं. एरवी पोरं एकमेकांच्याच पाठीला हॉट पॅक लावायची. कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीच्या दिवशी मात्र ओपीडी तुडुंब: ड्रायव्हर, माळी, मेसच्या मावशी. मावशींना दर वर्षी फ्रोझन शोल्डर. एकदा केसपेपरवर चुकून उजवा खांदा लिहिला गेला, तर भर तपासणीत म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी डावा होता ना?"

उंच भरारी:
एका मावशीवरून सगळी अभिमत विद्यापीठं मोडीत? छान.

हापूस पेटी:
सगळ्यांचे आभार. एक शंका. भाचीचे बाबा म्हणतात, अकरा लाख घालायला हरकत नाही, पण मग नावाआधी डॉक्टर लागणार का?

स्टेथो:
नाही. आणि लागू नये.

अक्कल गुडघ्यात:
आलात? वाटच बघत होतो. फिजिओथेरपीच्या एप्रिल 2025 च्या नव्या अभ्यासक्रमात 'डॉ.' लावायला मुभा दिली आहे, नावानंतर 'पीटी' लिहून. 9 सप्टेंबरला आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलं की लावू नका. दुसऱ्याच दिवशी पत्र मागे. दुधाची पिशवीसुद्धा याहून जास्त टिकते.

स्टेथो:
पत्र मागे घेतलं म्हणून 1916 चा वैद्यकीय पदव्यांचा कायदा मागे घेतला का? माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. दोन महिने पाठीला आयएफटी (फिजिओकडचा विजेचा शेक) चालू, 'डॉक्टरांकडे' ट्रीटमेंट घेतेय म्हणाल्या. संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. एमआरआय केला, मणक्याचा क्षय. फिजिओच्या पाटीवर 'डॉ.' नसता तर त्या आधी आल्या असत्या. तुम्हाला मान हवाय, माझी हरकत नाही, पण पेशंटचा गैरसमज होतो त्याचं काय?

अक्कल गुडघ्यात:
ती चूक त्या माणसाची. ताप आणि वजन विचारायचं असतं, आम्हाला शिकवतात. आणि एमबीबीएसवाल्यांनी सहा-सहा महिने गोळ्यांवर ठेवलेले मणक्याचे क्षय मी पाठवलेत तुमच्याकडे. यादी काढू?

स्टेथो:
काढा. पण लेटरहेडवर नाव नीट लिहून.

कण्हेर:
भांडा हं. माझ्या आईचा गुडघा बदलला तेव्हा सर्जन रोज तीन मिनिटं यायचे, तेही दारातूनच "छान!" फिजिओची मुलगी पाऊण तास बसायची. आई तिला शिव्या घालायची, ती "अजून पाचच अंश, काकू" म्हणत गुडघा वाकवायची. आज आई जिने चढते. ती मुलगी डॉक्टर की नाही ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही. तिचा पगार विचारला होता, तो ऐकून आई रडली.

स्टेथो:
काकूंचा गुडघा मान्य. पाटी अमान्य.

पुलाखालचं पाणी:
पोरीची ॲडमिशन राहिली बाजूला, सगळे पाटी रंगवत बसलेत.

टेक्सासची तुळस:
मूळ विषयावर. भाचीला पुढे अमेरिकेत यायचं असेल तर ऐका. माझी डिग्री स्वस्तातली. लायसन्ससाठी शिक्षणाची तपासणी झाली तेव्हा ट्रान्सक्रिप्टमधले विषय आणि क्लिनिकलचे तास मोजले, फी किती भरली ते कुणी विचारलं नाही. नंतर एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा सगळ्यांना सारखीच. इथे हाच वाद डीपीटीवरून, म्हणजे इथल्या फिजिओच्या डिग्रीवरून चालतो, फक्त आकडे डॉलरमध्ये. त्यात 1 जुलै 2026 पासून नव्या मुलांना ग्रॅड प्लस हे सरकारी शैक्षणिक कर्जही नाही. महागड्या कॉलेजांचं कौतुक आमच्याकडेही जरा उतरलंय.

उंच भरारी:
बरं बाबा, हरलो. पुढच्या जन्मी मुलीला चिकटपट्टीच्या मुठी असलेल्या कॉलेजात घालीन. पण एवढं लिहून ठेवा, हप्त्याचा आकडा बरोबर आहे. आम्ही अजून भरतोय.

अक्कल गुडघ्यात:
आणि स्पोर्ट्सचा पेशंट आमच्या बाकावर नव्हता, हेही खरं. दोन वर्षांत एक कबड्डीवाला आला होता, तोही जिन्यावरून पडून.

हापूस पेटी:
काल भाची दोन्हीकडे ओपीडीत जाऊन बसून आली. सरकारीत बसायला जागा नव्हती, तासाभरात कुणीतरी तिच्याच हातात वॉकर देऊन "जरा धर" म्हणालं. महागड्या ठिकाणी तिला बघून रिसेप्शनवरच्या बाई उभ्याच राहिल्या, "पेशंट का?" परवापर्यंत कळवायचंय. ती अजून स्पोर्ट्सच म्हणतेय.