फुरसुंगीजवळ प्लॉट : विहिरीच्या पाण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ पुण्याच्या फुरसुंगी कचरा डेपोजवळ प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो, "डेपोचं कॅपिंग झालंय, आता काळजी कसली?" मला पटत नाही. वरून माती टाकली तरी आतला कचरा वर्षानुवर्षं कुजत राहतो, मिथेन बनतो, आणि तळाला अस्तर नसेल तर लिचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) जमिनीत मुरतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांत लँडफिल (कचरा पुरायची जागा) बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखरेख सांगितली होती. त्यानंतरही वायू, लिचेट आणि जमिनीची स्थिरता तपासल्याशिवाय तिथे वस्तीला परवानगी नव्हती. नवं लँडफिल वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब हवं होतं. पण जुन्या ढिगाशेजारी प्लॉट घेणाऱ्यानं काय बघायचं?

कुणी त्या बाजूच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासलंय का? नुसता टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) पुरेल, की क्लोराईड, अमोनिया, शिसंही बघावं? कुठली लॅब, साधारण खर्च किती? भूजल तपासणीचे अहवाल मागायला माहिती अधिकाराचा अर्ज पालिकेत टाकू की प्रदूषण मंडळाकडे?

रविवारी टोकन द्यायचंय, म्हणून घाई. (एजंटचे नंबर नकोत, ते ढिगानं आहेत.)