‘अनुदान’ हा शब्द अर्जात चालेल का?

विचारणा (शिरोळ तालुका):
आमच्याकडच्या एका महिला गटासाठी अर्जाचा नमुना मराठीत करून देते आहे. एक संस्था वस्तीपातळीवरच्या छोट्या गटांना थोडी रक्कम देणार आहे. ‘स्मॉल ग्रँट’ला मी ‘लघु अनुदान’ लिहिलं आणि ‘कम्युनिटी बेस्ड ऑर्गनायझेशन’ला ‘समुदायाधारित संस्था’. बैठकीत वाचून दाखवलं, तर एक मावशी लगेच म्हणाल्या, “मग आदी आमी कुठनं पैसं घालायचं?” त्यांना असं का वाटलं असेल? दुसरा शब्द आहे का?

उत्तर (कोल्हापूर, संस्थांचे हिशेब बघतो):
ताई, मावशींचं बरोबर आहे. त्यांच्या घरी अनुदान आलं असेल ते ठिबक सिंचनाचं. ठिबकला आधी पूर्वसंमती घ्यायची, संच स्वतःच्या पैशानं बसवायचा, बिलं चढवायची, शेतावर येऊन मोका तपासणी व्हायची, मग रक्कम खात्यावर. लहान शेतकऱ्याला ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत मान्य खर्चाच्या 55 टक्के, बाकीच्यांना 45. म्हणजे खर्च पुढं, पैसा मागं.

तुमच्याच तालुक्यात 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर सानुग्रह अनुदान मिळालं. ते पंचनामा झाल्यावर आलं आणि कुठं खर्च केलं याचा हिशेब कुणी मागितला नाही. शाळेचं अनुदान आणखी वेगळं. ते शिक्षकांच्या पगाराचं, चालू राहणारं. ‘विनाअनुदानित’ हा शब्द तर घराघरात माहीत आहे. इंग्रजीत सबसिडी, ग्रँट, एक्स-ग्रेशिया असे निरनिराळे शब्द आहेत, आपल्याकडं सगळ्याला एकच. म्हणून नुसतं ‘लघु अनुदान’ लिहिलंत तर प्रत्येक बाई आपापल्या अनुभवातलं अनुदान धरून बसणार.

शब्द बदलू नका, कागदोपत्री तोच चालतो. पण त्याच्या शेजारी एक वाक्य हवंच: ‘रक्कम आधी मिळेल, ठरलेल्या कामालाच वापरायची, हिशेब नंतर द्यायचा.’ हे वाक्य नसेल तर पुढं गटाचे हाल होतात. मी बघितलेल्या एका गटाला शिलाई मशिनसाठी पैसे मिळाले होते. त्यांनी ती देणगी समजून निम्मे पैसे सभामंडपाच्या पत्र्याला घातले. चोरी नव्हती, पत्रा समोर दिसत होता. तरी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला, देता येईना आणि दुसरा हप्ता थांबला. बायकांना कुणी फरकच सांगितला नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर (करवीर तालुका):
‘समुदायाधारित संस्था’ काढाच, ताई. आपल्या जिल्ह्यात ‘संस्था’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर दूध संस्था, सेवा संस्था नाहीतर पतसंस्था येते. सभासद, शेअर, बोनस हे सगळं त्या शब्दाला चिकटलेलं आहे. ‘वस्तीतले गट व मंडळे’ लिहा. शहरात असाल तर ‘तालीम’ पण घाला, इथं पेठेतल्या मंडळालाच तालीम म्हणतात. पेठांतल्या तालमी वर्गणी काढतात, पावतीपुस्तक ठेवतात, पुरात जेवणाची पाकिटं पोचवतात, आणि अशा अर्जात त्यांचं नावच नसतं.

विचारणा:
दादा, गटाची नोंदणी नाही. ‘नोंदणीकृत मध्यस्थ संस्थेमार्फत’ असं मूळ नमुन्यात आहे. तेच ठेवू?

उत्तर (कोल्हापूर):
‘मध्यस्थ’ नको. बाजारात मध्यस्थ म्हणजे दलाल. ‘ज्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर रक्कम जमा होईल ती’ असं सरळ लिहा. सोसायटी नोंदणी कायदा 1860 चा, किमान सात माणसं लागतात, आणि आपल्याकडं पुढं धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेब देणं आलं. दहाबारा बायकांच्या गटाला हे झेपत नाही म्हणून दुसऱ्याचं खातं वापरायची पद्धत पडली. पण पैसा परदेशातून आलेला असेल तर ही वाट बंद आहे. परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. मोठ्या संस्थेकडून छोट्या गटाकडं झिरपणारा पैसा त्या एका कलमानं आटला. तेव्हा निधी देशातला की बाहेरचा, हा रकाना अर्जात वरच ठेवा.

उत्तर (कागल, गटांबरोबर काम करते):
एक भर घालते. ‘निधी’ लिहाल तर ‘उमेद’चा, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाचा, फिरता निधी समजतील. तो गटातच कर्जाऊ फिरवायचा असतो, व्याजासकट परत गटात येतो. या रकमेचं तसं नाही, हे तोंडी सांगाच.

विचारणा:
आणि ‘अनस्पेंट बॅलन्स’?

उत्तर (कोल्हापूर):
सरकारी कागदात ‘अखर्चित रक्कम’. तुम्ही ‘शिल्लक राहिलेले पैसे’ लिहा, आणि ते परत करायचे की पुढच्या कामाला चालतात, हे देणाऱ्याकडून आधीच लेखी घ्या. भिशीत शिल्लक वाटून घेतात. इथं वाटून घेतली तर वसुलीची नोटीस अध्यक्षबाईंच्या नावानं येते.